घशात आलं का?

मे २०१९ मध्ये मी बँकेतून निवृत्त झालो. शाखेत निरोपाचा छोटासा समारंभ झाला. शाल, श्रीफळ, चार भाषणं आणि शेवटी सामोसे. पहिल्या रांगेत बसलेली माझी पत्नी सबंध वेळ पदराच्या टोकानं डावा डोळा टिपत होती. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांचे फोन आले. ‘‘साहेब, वहिनींना फारच भरून आलं होतं हो!’’ मीही फोनवर थोडा हळवा झालो. स्वयंपाकघरात जाऊन हिला सांगितलं, तर ही गवार मोडता मोडता म्हणाली, ‘‘भरून कसलं यायचंय? पंख्याचा वारा डोळ्यावर येत होता. आणि मला रडायचंच असतं तर दोन्ही डोळ्यांनी रडले असते की!’’

तिचं ते वाक्य मी हसण्यावारी नेलं. पुढं अनेकांना विनोद म्हणून सांगितलंही. त्या विनोदात एका आजाराचं निदान होतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली. आणि कळल्यावरही शहाणपण यायला आणखी आठ महिने. त्या आठ महिन्यांबद्दल आज लिहायचं आहे.

हिच्या डाव्या डोळ्याला पाणी येत होतं. सतत नाही, पण बहुतेक वेळ. वाऱ्यात गेलं की जास्त, चुलीचा धूर लागला की जास्त. आम्ही सगळ्यांनी त्याची कारणं वाटून घेतली होती. मी म्हणायचो चष्म्याचा नंबर वाढला असेल. मुलगी म्हणायची मोबाइल कमी बघ. शेजारच्या काकू म्हणायच्या उष्णता आहे, धने-जिऱ्याचं पाणी घे. सकाळी उठल्यावर त्या डोळ्याला चिपडं असायची. नाकाजवळचा कोपरा दाबला की चिकट, पांढरट पाणी वर यायचं. हे शेवटचं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. बायका आपल्या शरीरातल्या कितीतरी गोष्टी अशा पदराच्या टोकानं पुसून टाकतात.

जुलै २०२१ मधल्या एका शनिवारी सकाळी ती उठली ती डावा गाल धरूनच. डोळ्याचा आतला कोपरा आणि नाक यांच्यामध्ये, किंचित खालच्या बाजूला, सुपारीएवढी लाल गाठ आली होती. हात लावू देत नव्हती. आम्हाला वाटलं रांजणवाडी. पण रांजणवाडी पापणीच्या काठावर होते, ही गाठ पापणीच्या खाली, नाकाला खेटून होती. संध्याकाळपर्यंत पापणी सुजली, अंगात ताप भरला. ते दिवस आठवा. कोरोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती आणि महाराष्ट्रभर ‘म्युकर’ या शब्दानं लोकांची झोप उडवली होती. डोळ्याजवळ, नाकाजवळ सूज म्हटलं की पोटात गोळा यायचा. हिला कोरोना झालेला नव्हता, तरीही शेजारी दारातूनच चौकशी करू लागले. कुणी साजूक तुपाचं बोट फिरवायला सांगितलं, कुणी हळदीचा लेप. एका परिचितांनी तर ‘दाबून टाका, पू निघाला की मोकळं’ असा फोनवरून सल्ला दिला. सुदैवानं तो आम्ही ऐकला नाही.

सोमवारी साताऱ्यातल्या एका नेत्ररुग्णालयात गेलो. तरुण डॉक्टरीण होती. तिनं हिच्याकडं पाहिलं, नाडी पाहिली, साखर तपासली, डोळा चारी बाजूंना फिरवून दाखवायला सांगितला, एकेक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावली. मग म्हणाली, ‘‘काकू, म्युकर नाही. लासरू आहे. पाणी किती वर्षं येतंय?’’

‘‘तीन-चार तरी झाली असतील,’’ ही म्हणाली. मी तिच्याकडं बघत राहिलो. निरोप समारंभापासून मोजली तरी दोनच होत होती. म्हणजे त्याच्याही आधीपासून.

लासरू हा शब्द मी लहानपणी ऐकला होता, त्याविषयी पुढं सांगतोच. डॉक्टरिणीनं कागदावर एक डोळा काढला आणि आम्हाला समजावलं. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली अश्रूंची ग्रंथी असते. ती रडतानाच काम करते असं नाही; डोळा ओला ठेवण्यासाठी डोळ्यात थोडं थोडं पाणी सतत येत असतं. पापणी लवते तेव्हा ते पाणी डोळ्यावर पसरतं आणि नाकाकडच्या कोपऱ्यात सरकतं. तिथं वरच्या आणि खालच्या पापणीच्या काठावर एकेक बारीक छिद्र असतं. आरशासमोर उभं राहून खालची पापणी जराशी बाहेर ओढली, तर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो. त्या दोन छिद्रांतून दोन केसासारख्या नळ्या निघतात आणि नाकाच्या बाजूला हाडाच्या खोबणीत बसलेल्या एका पिशवीत जातात. ही अश्रुपिशवी. तिची लांबी जेमतेम बारा ते पंधरा मिलिमीटर. पिशवीच्या तळातून एक नळी हाडातून खाली उतरते आणि नाकात उघडते. रडताना नाक वाहतं ते यामुळं. डोळ्यात औषधाचा थेंब टाकला की थोड्या वेळानं घसा कडू होतो, तोही यामुळंच.

माझ्या कादंबऱ्यांमधून निदान डझनभर बायका रडल्या आहेत. अश्रू कुठून येतात याची कारणं मी पानंच्या पानं लिहिली. ते जातात कुठं, हा प्रश्न मला वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता.

‘‘काका, काकूंना पाणी जास्त येत नाहीये,’’ डॉक्टरीण म्हणाली. ‘‘जेवढं यायला पाहिजे तेवढंच येतंय. ते जात नाहीये.’’ खालची नळी वयानुसार हळूहळू आकसत बंद झाली होती. बायकांमध्ये हाडातला तो मार्ग मुळात अरुंद असतो, त्यामुळं चाळिशी-पन्नाशीनंतर हा त्रास पुरुषांपेक्षा त्यांना बराच अधिक होतो. नळी बंद झाली की पाणी पिशवीत साचतं. साचलेल्या पाण्याचं जे होतं तेच इथं होतं. जंतू वाढतात, पू होतो. बरीच वर्षं तो चिपडांच्या रूपानं थोडा थोडा बाहेर येत राहतो आणि माणूस दुर्लक्ष करतो. मग एखाद्या दिवशी पिशवी सुजते, वरचीही वाट बंद होते आणि पू कोंडतो.

इथं एक गोष्ट तिनं बजावून सांगितली, ती मी जशीच्या तशी सांगतो. ही गाठ दाबायची नाही, फोडायची नाही. हा पू जर मागं, डोळ्याच्या खोबणीत शिरला तर डोळा पुढं येतो, फिरायचा थांबतो, नजर जाऊ शकते. क्वचित संसर्ग मेंदूपर्यंतही जातो. म्हणूनच तिनं आधी नजर आणि डोळ्याची हालचाल तपासली होती. कोमट पाण्याचा शेक चालतो, पण नुसत्या शेकावर भागवायचं नाही. प्रतिजैविकं पोटात घ्यावीच लागतात, मधुमेह असेल तर साखर ताब्यात आणावी लागते. आणि एरवी नळी तपासायला डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी सोडतात, ते अशा ठणकत्या दिवसांत करत नाहीत.

दोन दिवस गोळ्या घेऊनही गाठीचं तोंड पिवळं पडलं, कातडी चकाकू लागली. बुधवारी डॉक्टरिणीनं ती उघडली. लहानसा छेद, पण सुजलेल्या, पेटलेल्या भागात बधिरतेचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही. हिनं माझं मनगट धरलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथं चार बोटांचे वळ होते. पू निघाला, त्यातला थोडा तपासणीला पाठवला, जखमेत औषधाची वात भरली. तासाभरात तिचा चेहरा उतरलेल्या तापासारखा निवळला. तीन दिवसांनी सूज गेली. आठवड्यानं ती पोळ्या करायला लागली.

‘‘हे अर्धं काम झालं,’’ डॉक्टरीण म्हणाली. ‘‘पू काढला, पण नळी बंदच आहे. पाणी पुन्हा साचणार. चार आठवड्यांनी या, आपण नवी वाट करून देऊ.’’ त्या शस्त्रक्रियेचं नाव डॅक्रिओसिस्टोऱ्हायनोस्टॉमी. सगळे डॉक्टर तिला डीसीआर म्हणतात, आपणही तसंच म्हणू. पिशवी आणि नाक यांच्यामधल्या पातळ हाडात एक खिडकी पाडायची आणि पिशवीचं आतलं अस्तर नाकाच्या अस्तराला जोडून द्यायचं, म्हणजे अश्रू बंद नळीचा नाद सोडून सरळ नाकात उतरतात.

चार आठवड्यांनी आम्ही गेलो नाही. त्याचं कारण मी आहे, आणि त्यामागं माझी आई आहे.

माझ्या आईलाही लासरू होता. आमच्या गावात त्याला कुणी नासूर म्हणायचं, कुणी लासरू. मी शाळेत असताना तिची गाठ फुटली की फोडली, आठवत नाही. पण डोळ्याच्या कोपऱ्याखाली एक बारीक भोक कायमचं राहिलं आणि त्यातून कधी पाणी, कधी पू यायचा. पुढं तिला मोतीबिंदू झाला. १९७८ साली तालुक्याच्या शाळेत नेत्रशिबिर भरलं. दोनच वर्षांपूर्वी राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला होता आणि गावोगाव अशी शिबिरं होऊ लागली होती. मी एकोणीस वर्षांचा, आईला घेऊन एसटीनं गेलो. वर्गातल्या बाकावर म्हाताऱ्यांची रांग होती. मोतीबिंदूच्या आधी प्रत्येकाच्या पापणीच्या छिद्रात बोथट सुई घालून पिचकारीनं मिठाचं पाणी सोडत आणि विचारत, ‘‘घशात आलं का?’’ नळी मोकळी असली तर पाणी नाकातून घशात उतरतं. बंद असली तर परत वर येतं. पिशवीत पू असताना मोतीबिंदू काढला, तर जंतू डोळ्याच्या आत जाऊन डोळाच जायचा, म्हणून ही परीक्षा. आजही मोतीबिंदूच्या आधी ती ठिकठिकाणी घेतात.

आईला हे रांगेत कळलं होतं. ज्यांच्या घशात येत नाही त्यांना परत पाठवतात, हेही कळलं होतं. तिचा नंबर आला. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘घशात आलं का?’’ आई चटकन म्हणाली, ‘‘आलं!’’ पाणी तिच्या गालावरून ओघळत होतं. डॉक्टर हसले, पण चिडले नाहीत. त्यांनी जिल्ह्याच्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली.

तिथं आईची अश्रुपिशवीच काढून टाकली. तेव्हा, विशेषतः वयस्क माणसांमध्ये, ही सर्रास रीत होती. काही रुग्णांमध्ये आजही तोच योग्य उपाय ठरतो. पिशवी नाही तर पू नाही. मोतीबिंदू निर्धास्त काढता येतो, आणि तो नीट झालाही. पण पिशवी गेली म्हणजे अश्रूंची वाटही गेली. आईचा तो डोळा पुढं आयुष्यभर ओला राहिला. ती म्हणायची, ‘‘मोरी बुजवली रे त्यांनी, आता पाणी अंगणात.’’ डोळ्याच्या कोपऱ्याखाली तिला वाकडा व्रण होता. बँकेत लागल्यावर माझा पहिला पगार तिच्या हातावर ठेवला तेव्हा ती रडली की नाही, हे मला नक्की सांगता येत नाही. डोळ्यात पाणी होतं, पण ते नेहमीच असायचं.

डीसीआर म्हटल्यावर माझ्यासमोर तो व्रण आला. हिच्या चेहऱ्यावर तसं काही नको असं वाटलं. पण हे कारण मी तिला सांगितलं नाही. तिला म्हणालो, पाऊस जाऊ दे. मग म्हणालो, दिवाळी होऊ दे. नोव्हेंबरमध्ये मुलगी बाळंतपणाला आली. नातू झाला आणि गंमत बघा, महिन्याभरात त्याचाही एक डोळा पाण्यानं भरलेला, सकाळी चिकटलेला! बालरोगतज्ज्ञ म्हणाले, घाबरू नका. पुष्कळ बाळांच्या नळीच्या खालच्या टोकाशी एक पातळ पडदा जन्मल्यावरही काही काळ टिकून असतो. नखं कापून, हात धुऊन, डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाच्या कडेनं खाली असा बोटानं हलका दाब देत मालिश करायचं. बहुतेक बाळांचा पडदा वर्षाच्या आत आपोआप उघडतो. काजळ घालू नका. मात्र बाळाच्या त्या जागी लाल सूज आली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. ही रोज तीन-चार वेळा नातवाला मांडीवर घेऊन मालिश करायची. तिचा स्वतःचा डावा डोळा तेव्हा वाहत असायचा आणि ती तो खांद्याला पुसायची. नातवाचा डोळा सातव्या महिन्यात मोकळा झाला.

जानेवारीत तिनं एकदा विचारलं, ‘‘अहो, त्या ऑपरेशनची तारीख घ्यायची का?’’ मी कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात होतो. म्हणालो, ‘‘आता काही दुखत नाहीये ना? बघू की उन्हाळ्यात.’’

पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसानं हे म्हणावं! थकलेलं कर्ज फेडायला त्याच माणसाला नवं कर्ज द्यायचं आणि खातं नियमित झालं म्हणून शेरा मारायचा, हा खेळ मी अनेक फायलींमध्ये पकडला होता. कागदावर सगळं स्वच्छ दिसतं, पैसा कुठूनच आलेला नसतो. हिच्या डोळ्याच्या बाबतीत मी तेच केलं. सूज गेली, ताप गेला, खातं नियमित. नळी बंद ती बंदच.

१७ मार्च २०२२ ला होळी होती. दुपारी पुरणपोळ्या झाल्या, संध्याकाळी होळीचा धूर लागला, आणि रात्री तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात ठणका सुरू झाला. दुसऱ्या दिवशी धुळवड, दवाखाने बंद. शनिवारी सकाळी तिच्या दोन्ही पापण्या सुजून मिटल्या होत्या, ताप एकशे तीन, आणि ती म्हणाली, ‘‘डोळा हलवला की आत दुखतंय.’’ या वाक्याचा अर्थ मला आता माहीत होता. डॉक्टरिणीनं पापणी उचलून नजर तपासली, बाहुलीवर प्रकाश टाकला आणि मला बाहेर बोलावलं. रागावली नाही. फक्त विचारलं, ‘‘काका, चार आठवडे म्हटलं होतं ना मी?’’

त्याच दुपारी पुण्याला नेलं. शिरेतून प्रतिजैविकं सुरू झाली. सीटी स्कॅन झालं. पू डोळ्याच्या खोबणीत शिरला नव्हता, पण उंबऱ्यावर होता. ती रात्र मी रुग्णालयातल्या बाकावर बसून काढली. दर दोन तासांनी परिचारिका येऊन तिला बोटं मोजायला लावायची. ही तीन म्हणायची, बरोबर असायचं, आणि मी पुन्हा बसायचो.

सोमवारी तिथल्या शल्यचिकित्सकांनी सांगितलं, ‘‘बाहेरून पुन्हा छेद देऊन पू काढता येईल. पण तसं केलं तर कातडीला कायमचं भोक राहण्याचा धोका आहे, आणि महिन्याभरानं डीसीआर करावीच लागेल. त्यापेक्षा आत्ताच नाकातून दुर्बिणीनं जातो. पू नाकात मोकळा होईल आणि वाटही तेव्हाच तयार होईल. चेहऱ्यावर छेद नाही.’’ पूर्वी पेटलेल्या पिशवीवर ही शस्त्रक्रिया करत नसत. आधी संसर्ग विझू द्यायचा, मग हात घालायचा, असा नियम होता. बाहेरून कापायचं तर तो नियम अजूनही बव्हंशी पाळतात. पण नाकाच्या आतून गेलं की सुजलेली कातडी वाटेत येतच नाही. म्हणून आता अनुभवी शल्यचिकित्सक, योग्य रुग्ण निवडून, पहिल्या काही दिवसांतच हे करतात. शिवाय व्रणाची माझी भीती! डॉक्टर म्हणाले, बाहेरून केलेल्या डीसीआरचा व्रणही आता बारीक रेघेसारखा असतो, वर्षभरात शोधावा लागतो. आठ महिने मी ज्या व्रणाला घाबरलो होतो तो १९७८ सालचा होता.

नंतर घरी आल्यावर मी या आजाराविषयी वाचत बसलो. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या सांध्यांचे नऊ रोग सांगितले आहेत, त्यांत पहिलाच ‘पूयालस’. नाकाकडच्या सांध्याला सूज येऊन ती पिकते आणि घट्ट, दुर्गंधी पू वाहतो. युरोपात शतकानुशतकं तापवलेल्या सळईनं ती जागा डागत. १६५६ साली फ्रान्समध्ये पास्कल या गणितज्ञाची दहा वर्षांची भाची याच आजारानं ग्रासली होती आणि शस्त्रवैद्य तिला डाग देण्याच्या तयारीत होते. त्याआधीच मठातल्या एका पवित्र काट्याचा स्पर्श झाला आणि ती बरी झाली, असं तिच्या घरच्यांनी मानलं. कोंडलेला पू आतल्या आत नाकात फुटला असेल का, असा विचार माझ्या मनात आला.

पण मला सर्वांत जवळचा वाटला तो हेर्डर. जर्मन विचारवंत, पुढं ‘शाकुंतल’चा मोठा चाहता झालेला. त्याला लहानपणापासून लासरू होता. १७७० साली, सव्वीस वर्षांचा असताना, तो शस्त्रक्रियेसाठी स्ट्रासबुर्गला आला. तिथं एकवीस वर्षांचा विद्यार्थी गटे त्याच्याजवळ बसायचा, मलमपट्टीच्या वेळीही हजर असायचा. भूल नव्हतीच, ती यायला अजून पाऊणशे वर्षं होती. बेत आजच्यासारखाच होता. पिशवी उघडायची, हाडाला भोक पाडायचं, अश्रूंना नाकात वाट द्यायची. पण ते भोक टिकेना. काही आठवड्यांचं काम महिनोन्‌महिने चाललं आणि शेवटी फसलं. हेर्डरनं ते सगळं विलक्षण सोसलं, असं गटेनं आत्मचरित्रात लिहिलं आहे. जाताना हेर्डरला पैसे कमी पडले, ते गटेनं स्वतः उसने काढून दिले. परतफेड मुदत उलटल्यावर आली, आभाराऐवजी चेष्टेच्या ओळींसह. बँकवाल्याला हे वाचून हसू आलं. पण फसलेली शस्त्रक्रिया सोसून निघालेल्या माणसाकडून वेळेवर हप्त्याची अपेक्षा मीही केली नसती.

जे तेव्हा टिकलं नाही ते टिकवायला आणखी सव्वाशे वर्षं लागली. १९०४ साली फ्लॉरेन्सच्या आद्देओ तोती यांनी बाहेरून डीसीआर केली. १९२०च्या सुमारास दोन फ्रेंच शल्यचिकित्सकांनी पिशवीचं आणि नाकाचं अस्तर एकमेकांना टाक्यांनी शिवलं, तेव्हा वाट बुजायची थांबली. नाकातून जाण्याची कल्पनाही जुनीच, १८९३ सालची. पण नाकाच्या अंधाऱ्या, अरुंद बोळात दिसणार काय? १९८९ साली दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया केल्याचं प्रसिद्ध झालं आणि तो रस्ता खुला झाला. आज हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत केवळ अश्रुमार्गाच्या आजारांसाठी स्वतंत्र विभाग आहे.

मंगळवारी हिची शस्त्रक्रिया झाली. पूर्ण भूल दिली. नाकातून दुर्बीण घालून पिशवीवरचं हाड बारीक चिमट्यांनी टिपून काढलं, पिशवी वरपासून खालपर्यंत उघडली. पू नाकात मोकळा झाला. वाट उघडी राहावी म्हणून एक मऊ सिलिकॉनची नळी काही आठवडे ठेवली. दुसऱ्या दिवशी पापणी उघडली, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. सूचना साध्या होत्या. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, जड उचलायचं नाही, मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, खपली काढायची नाही. थोडं रक्त नाकातून येईल, जास्त आलं तर फोन करायचा. अनुभवी हातांत दहातल्या नऊच्या आसपास शस्त्रक्रिया यशस्वी होतात. उरलेल्यांना पुन्हा करावी लागू शकते, हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं.

घरी आल्यावर एका दुपारी मी हिला आईच्या व्रणाची गोष्ट सांगितली. का लांबवलं ते सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘डोळा माझा होता. मला विचारायचं होतंत.’’

वाचकहो, तुमच्या घरात एकाच डोळ्यानं वाहणारं कुणी असेल, तर त्यांना कांद्याचं, वाऱ्याचं, स्वभावाचं कारण देऊ नका. एकदा नळी तपासून घ्या. आणि गाठ येऊन गेली असेल, पू निघून बरं वाटत असेल, तर डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख पाळा. तारीख कुणी लांबवत असेल, तर तो का लांबवतोय तेही विचारा.

जूनमध्ये शेवटच्या तपासणीला गेलो. नळी काढून झाली होती. डॉक्टरांनी हिला खुर्चीत मागं टेकवलं, डोळ्यात बधिरतेचा थेंब टाकला, खालच्या पापणीच्या छिद्रात बोथट सुई अलगद सरकवली आणि पिचकारी दाबली. मी दाराशी उभा होतो. शाळेतला तो वर्ग, बाकावरची रांग, आईच्या गालावरून ओघळणारं पाणी, सगळं डोळ्यांपुढं आलं. मी हिच्या गालाकडं पाहत होतो. गाल कोरडा होता.

‘‘काकू, घशात आलं का?’’

तिनं आवंढा गिळला. ‘‘खारट लागलं,’’ ती म्हणाली.